तिसरी पुकार

आमच्या ख्रिस्ती मंडळीत बाकं सहा आणि माणसं सत्तर-ऐंशी. पुरुषांच्या बाजूला तीन बाकं, बायकांच्या बाजूला तीन, आणि मागे दारापर्यंत सतरंज्या. कारखान्यात परदेशातून यंत्रं आली होती, त्यांची लाकडी खोकी फोडून एका सुताराने ही बाकं ठोकली होती. दोन हात पॉलिश देऊनही पाठीवरची इंग्रजी अक्षरं गेली नव्हती. असल्या खोक्याच्या फळीवर बूड टेकायला मिळावं म्हणून माणसं किती लाचार होतात, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. तेवढी खटपट त्यांनी स्वर्गासाठी केली असती, तर आमच्यातले निम्मे जण जिवंतपणीच वर गेले असते.

पिंपरी तेव्हा शहर नव्हतं. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. रेल्वे स्टेशन, त्याच्या पलीकडे सिंधी निर्वासितांच्या बराकी, मुंबई-पुणे रस्ता, नदी, ज्वारीची रानं, आणि या सगळ्यात नव्याने उभा राहिलेला औषधांचा कारखाना. निगडीकडे तर दिवेलागणीनंतर कुणी एकटं जात नसे. कारखान्यात लिहिता-वाचता येणाऱ्यांना घेतात असं कळल्यावर नगरकडचे ख्रिस्ती एकामागून एक येऊन उतरले. मिशनच्या शाळांनी आम्हाला दुसरं काही दिलं नसेल, पण अक्षर बरं दिलं होतं. आई आणि मीही तशाच आलो. वडील मी चौथीत असतानाच गेले. आईने मिशनच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापून आणि दुसऱ्यांच्या मुलींच्या वेण्या घालून मला मॅट्रिक केलं, आणि मी कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरण्याच्या खात्यात लागले. पांढरी टोपी, पांढरा झगा, तोंडाला फडकं. आईला तो पोशाख फार आवडे.

मंडळीला देऊळ नव्हतं. स्टेशनाजवळ एक चुन्याचं रिकामं गोदाम होतं, ते भाड्याने घेतलं होतं. चुना केव्हाच विकला गेला होता, पण भिंतींना हात लावला की अजून निघत असे. आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पंचांना काळ्या कोटांची हौस. उपासना सुटली की पाच-सहा प्रतिष्ठित माणसं पांढऱ्याफटक पाठी घेऊन अंगणात एकमेकांना सलाम करत उभी राहत. कुणी कुणाला सांगत नसे. मी आईला दाखवून हसले की ती माझ्यावर डोळे वटारी.

प्रभूच्या घरात जात नाही, हे वाक्य आमच्याकडे दर रविवारी एकदा तरी बोललं जाई. जी गोष्ट नाहीच, तिची दर आठवड्याला आठवण कशाला काढावी लागते, हे मला लहानपणापासूनचं कोडं. बाकांवर बसणाऱ्यांचे पणजे महारवाड्यातून ख्रिस्ती झाले, आमचे मांगवाड्यातून. गावाने दोन्ही वाडे वेशीबाहेर ठेवले होते. गावाच्या लेखी दोघांत डावं-उजवं काही नव्हतं. आमच्या माणसांनी मात्र वेशीबाहेरही आणखी एक वेस घालून घेतली होती, आणि बाप्तिस्म्याचं पाणी घेताना तेवढी ती भिजणार नाही याची काळजी घेतली होती. थोरले पंच तर या सगळ्यांच्या वर. आपलं घराणं मूळचं मराठ्यांचं, पाटीलकीच्या तंट्यातून आजोबा ख्रिस्ती झाले, असं ते सांगत. ऐकणारे गंभीर चेहऱ्याने माना हलवत. त्यांच्या आजोबांना पाहिलेली दोन म्हातारी माणसं मागे सतरंजीवर बसलेली असत, पण त्यांना कोण विचारतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असे. प्रभूचं शरीर म्हणून भाकरीचे तुकडे ताटलीतून फिरत आणि त्याचं रक्त म्हणून द्राक्षारसाचा एकच कप हातोहात जाई. द्राक्षारस म्हणजे काळ्या मनुका उकळून गाळलेलं पाणी. ते थोरल्या पंचांच्या बाईच करत. दुसऱ्या घराला तो मान नव्हता. कप चांदीचा मुलामा दिलेला, मायदेशी परत जाणाऱ्या कुणा मडमेने दिलेला. सगळ्यांनी एकाच कपातून प्यायचं, कारण आपण सगळे एक आहोत, असं आम्हाला शिकवलं होतं. आता तो कप फिरे कसा ते ऐका. आधी पुरुषांचं पहिलं बाक, मग दुसरं, मग तिसरं. मग बायकांची बाकं. मग सतरंज्या, त्याही उजवीकडून डावीकडे. डावीकडे दारालगत आमची चार घरं. आमच्यापर्यंत पोचेतो कपात तळाला मनुकांचा गाळ आणि वर बाकी मंडळींचं उष्टं. हा क्रम कुठे लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो कधी चुकत नसे.

तो कप उपासनेनंतर घासायला मात्र आईकडे येई. शनिवारी गोदाम झाडायचं, सतरंज्या झटकायच्या, आणि प्रभूभोजन झालं की चिंच लावून कप लखलखीत करायचा, ही सेवा मंडळीने तिला दिली होती. सेवा हा शब्द त्यांचा. तिच्या हातचा कप चाले, तिच्या तोंडचा चालत नसे. एकदा मी हे तिला तोंडावर म्हटलं.

ती म्हणाली, "काम हाय ते. कुनीतरी करायचंच. त्यात मनाला काय लावून घ्यायचं?"

मी मनाला लावून घेत असे. तो माझा स्वभावच.

थोरल्या पंचांचा मुलगा आमच्याच कारखान्यात प्रयोगशाळेत मदतनीस होता. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. मंडळीत तो बाकावर आणि मी सतरंजीवर, पण कारखान्याच्या कँटीनला बाकं सगळ्यांसाठी सारखी होती. एका दुपारी चहा संपला आणि शेवटचा कप माझ्या वाट्याला आला. मी बशीत ओतून दोन घोट घेतले होते, तेवढ्यात त्याने बशी माझ्या हातातून घेतली आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

"माझ्या उष्ट्या बशीतला प्यायलात?" मी म्हटलं.

"आपण नव्या जमान्यातली माणसं," तो म्हणाला. "मला असलं काही नाही."

एका बशीभर चहाला मी विकली गेले. आज सांगताना माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि माझ्या हातची बशी तोपर्यंत कुणी अशी घेतली नव्हती. माझा त्याच्यावर जीव जडला. खोटं कशाला सांगू?

त्याने घरी माझ्याशी लग्नाचा हट्ट धरला. थोरल्या पंचांनी आधी नाही म्हटलं, मग माझं शिक्षण पाहिलं, कायमची नोकरी पाहिली, आणि मग त्यांना देवाची इच्छा दिसू लागली. त्यांच्या बाई आमच्या खोलीवर मला पाहायला आल्या. आईने नव्या पेल्यात पाणी दिलं, पोहे केले. बाईंनी पेल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या. आज माझा उपास आहे."

गुरुवार होता. आमच्यात गुरुवारचा उपास कुणाचा असतो, हे मी विचारणारच होते, पण आईने मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. बाई गेल्यावर तिने ते पोहे गरम करून मलाच खायला घातले.

"उपास असंल त्यांचा," ती म्हणाली.

"असेल," मी म्हटलं.

आईला या लग्नातून काय हवं होतं, ते तिने कधी लपवलं नाही. तिला जावई नको होता की मानपान नको होता. तिला मला बाकावर बसलेलं पाहायचं होतं. "माझी लेक पयल्या बाकावर बसंल," असं ती चार घरांत सांगत फिरे, आणि त्या चार घरांतल्या बायकांनाही, आपल्यातली एक जण तिथे जाणार म्हणून, भारी वाटे. मला चीड येई आणि बरंही वाटे.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मंडळीत पुकार होते. मंडळीचे धर्मगुरू म्हणजे पाळक वधूवरांची नावं वाचतात आणि विचारतात, या विवाहाला कुणाची हरकत आहे काय? असल्यास आताच सांगावं. मग सगळे खोकतात, आणि पाळक पुढची सूचना वाचतात. तीन पुकारांत कुणी उठलं नाही की लग्न पक्कं. आमच्याकडे सूचना उपासनेच्या शेवटी वाचत, कारण बाकांवरची मंडळी उशिरा येत आणि त्यांच्या कानांवर पडल्याशिवाय सूचनेला अर्थ नसे. आमच्या दोन पुकारा निर्विघ्न झाल्या. तिसरी प्रभूभोजनाच्या रविवारी आली.

त्याच सुमारास मंडळीला पहिला स्वतःचा पाळक मिळाला होता. तोपर्यंत खडकीहून एक म्हातारे पाळक महिन्यातून एकदा येत. त्यांना कप कुठून कुठे न्यायचा ते डोळे मिटून ठाऊक होतं. हा नवा पाळक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, पाळक घडवणाऱ्या सेमिनरीतून ताजा निघालेला. त्याने शुभवर्तमान वाचलं होतं, आणि ते खरं आहे असं त्याला वाटत होतं. अशा माणसाने मंडळीपासून जपून राहायला हवं, पण हे त्याला सेमिनरीत कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी त्याने शेवटले ते पहिले होतील यावर उपदेश केला. बाकांवरून आमेन, आमेन झालं. उपदेशाला आमेन म्हणायला काही खर्च येत नाही. मग त्याने नेहमीची ताकीद वाचली: प्रत्येकाने आपल्या मनाची परीक्षा करावी, कुणाशी वैर असेल, मन मलिन असेल, तर कप घेऊ नये. ही ताकीद दर महिन्याला वाचली जाई आणि मी तिथे असेतो एकानेही ती कधी अंगाला लावून घेतली नव्हती. आमच्यात बायकोला चाबकाने मारणारा एक होता, तो घेई. सख्ख्या भावाची जमीन गिळलेला एक होता, तो तर मिशा पुसत घेई. आदल्या रात्रीची दारू न उतरलेलेही घेत.

पाळकाने कपाला आशीर्वाद दिला, कप उचलला, पुरुषांच्या पहिल्या बाकासमोरून तसाच चालत आला आणि थेट दारालगतच्या सतरंजीपाशी, आईसमोर, वाकून उभा राहिला.

स्टेशनात इंजिन वाफ सोडत होतं, ते गोदामात ऐकू आलं. आई त्याच्याकडे बघतच राहिली. "घ्या, आई," तो म्हणाला. महिनोन्‌महिने घासलेला तो कप, पण भरलेला तिने हातात पहिल्यांदाच धरला. मी खालून आधार दिला. तिने ओठ टेकवले न टेकवले आणि कप माझ्याकडे दिला. मी मात्र चांगला घोट घेतला. गोड होता. तोपर्यंत मला वाटे, प्रभूचं रक्त तुरटच असतं.

आमची चार घरं झाली. पुढच्या सतरंजीवर काहींनी घेतला, काहींनी नुसता ओठांपर्यंत नेल्यासारखं केलं. मग कप बायकांच्या तिसऱ्या बाकाकडे गेला आणि तिथे पवित्र आत्म्याने एकाएकी काम सुरू केलं. पहिली, एक मास्तरीण, म्हणाली, माझं शेजारणीशी वितुष्ट आहे, आज मी घेत नाही. तिच्या पलीकडची म्हणाली, माझ्या मनात राग आहे. तिसरीने नुसती मान खाली घातली आणि कप पुढे ढकलला. थोरल्या पंचांच्या बाई, ज्यांनी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने त्या मनुका उकळल्या होत्या, त्या डोळे मिटून म्हणाल्या, "माझं मन आज शुद्ध नाही."

पुरुषांच्या बाजूला तर पश्चात्तापाची साथच आली. बायकोला मारणाऱ्याला बायको आठवली. जमीन गिळणाऱ्याला भाऊ आठवला. जन्मात ज्यांनी आपलं एक पाप कबूल केलं नव्हतं, ते आमच्या उष्ट्या कपासमोर पापी व्हायला रांगेने तयार झाले. मी गुडघ्यांवर उठून बघत होते. मला किळस येत होती आणि हसूही येत होतं. पण खरं सांगते, माझं सगळं लक्ष पहिल्या बाकाच्या टोकाकडे होतं. तो तिथे बसला होता, वडिलांच्या शेजारी. त्याने एक घोट घेतला असता, एकच, तर बाकीच्या सगळ्यांना मी तिथल्या तिथे माफ केलं असतं.

कप त्याच्या हातात आला. त्याने आत पाहिलं. मग तिरक्या नजरेने वडिलांकडे पाहिलं. थोरले पंच समोरच्या भिंतीवरच्या क्रुसाकडे बघत होते.

"आज मी अयोग्य आहे, पाळकसाहेब," तो म्हणाला, आणि कप वडिलांकडे दिला.

"मीसुद्धा," थोरले पंच म्हणाले. नम्रपणे म्हणाले.

पाळक अर्ध्याहून जास्त भरलेला कप घेऊन टेबलापाशी परत गेला. आशीर्वाद दिलेला रस फेकता येत नाही, तो पाळकानेच संपवायचा. त्याने आमच्याकडे पाठ करून तो प्यायला सुरुवात केली. मध्ये दोनदा श्वास घ्यायला थांबला. त्याचे कान मागूनही लाल दिसत होते.

गीत झालं. मग त्याने सूचनांचा कागद घेतला. पुढच्या रविवारी हंगामाची उपासना आहे, प्रत्येकाने धान्य, भाजी जे असेल ते अर्पणासाठी आणावं. चाकणच्या बाजाराला जाणाऱ्यांनी कांद्याचं एक पोतं मंडळीसाठी आणावं. मग आमची नावं वाचली. ही तिसरी आणि शेवटची पुकार. कोणास कायदेशीर हरकत असल्यास त्याने आताच सांगावं.

सगळे खोकले. मी उभी राहिले.

"मला हरकत आहे."

पाळकाने कागदातून मान वर काढली. "बाई, ही तुमचीच पुकार आहे."

"माहीत आहे मला."

थोरले पंच वळून बसले. मला पाहण्यासाठी बाकावरून एवढं मागे वळायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असावी. "वधूला हरकत घेता येत नाही," ते म्हणाले. ज्याला कायद्यातलं काही कळत नाही, तो जसा कायदा सांगतो, तसं. पाळकाने बिचाऱ्याने विधींचं पुस्तक उघडलं. त्यात नात्यातलं लग्न होतं, आधीचं लग्न होतं, वय होतं. वधूचं काही नव्हतं.

"हरकतीला कारण लागतं," तो हळूच म्हणाला.

"कारण वरानेच दिलंय," मी म्हटलं. "आत्ता भर मंडळीत तो म्हणाला, की मी अयोग्य आहे. तुम्ही ऐकलंत, सगळ्यांनी ऐकलं. प्रभूच्या कपाला जो अयोग्य, तो मला नवरा म्हणून योग्य कसा? आणि त्याचे वडीलही अयोग्य, आईचं मनही शुद्ध नाही. असल्या पापी घरात माझ्या आईने मला का म्हणून द्यावं?"

मागच्या सतरंजीवर कुणीतरी फिसकन हसलं. पंचांचा मुलगा उठून उभा राहिला. "अगं, ते तसं नव्हतं," तो म्हणाला.

"मग कसं होतं? सांगा ना."

त्याने तोंड उघडलं आणि परत वडिलांकडे पाहिलं. उत्तर त्या गोदामातल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. पण ते मोठ्याने म्हटलं असतं, तर दर रविवारचं ते एक वाक्य पुन्हा म्हणायची सोय राहिली नसती. तो खाली बसला. आई माझा पदर ओढत होती. "बस बाई, बस खाली, पाया पडते तुझ्या," असं म्हणत होती आणि रडत होती. मी बसले नाही. दाराबाहेर पडले आणि चपला हातात घेऊन रुळांच्या कडेने घरी गेले.

सोमवारी कँटीनमध्ये तो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीसाठी तू सगळं मोडलंस. वडील शेजारी होते गं. एकटा असतो तर मी घेतला असता."

"एकांतात सगळेच शूर असतात," मी म्हटलं, आणि चहा न संपवता उठले. पुढे तो बदली घेऊन दुसऱ्या खात्यात गेला. त्या वर्षीच्या मे महिन्यात नगरच्या एका शिक्षिकेशी त्याचं लग्न झालं. मुलगी तोलामोलाची होती असं म्हणतात. मला त्याचं दुःख किती दिवस झालं ते मी सांगणार नाही. थोडे दिवस झालं नाही, एवढं खरं.

नवा पाळक आठवडाभर बाकवाल्यांची घरं फिरून क्षमा मागत होता. मग आमच्याकडेही आला. "माझी पद्धत चुकली," तो म्हणाला. कुणाला उद्देशून हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आईने दिलेला चहा मात्र त्याने प्यायला, दोनदा मागून प्यायला. एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

मंडळीने त्यानंतर दोन सुधारणा केल्या. पहिली, लग्नाची पुकार उपदेशाच्या आधी करायची, सूचनांबरोबर नाही. दुसरी सुधारणा जास्त खोल विचाराची होती. थोरल्या पंचांना जंतूंचा शोध लागला. औषधाच्या कारखान्याजवळ राहून एवढं तरी कळायलाच हवं, असं ते म्हणाले. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात रोग जातात, प्रभूच्या काळी हे शास्त्र नव्हतं, आता आहे. नव्वद वर्षं एकाच कपातून पिऊन ज्यांच्या तीन पिढ्या ठणठणीत राहिल्या, त्यांना एका महिन्यात जंतूंची धडकी भरली. पुण्याहून बोटभर उंचीचे काचेचे ग्लास आणले, ते ठेवायला भोकांचं लाकडी तबक करून घेतलं. प्रत्येकाचा ग्लास वेगळा. ठराव एकमताने झाला. साप मेला आणि काठीही मोडली नाही. सगळ्या मंडळीत मतभेदाशिवाय झालेला तो पहिला ठराव, असं मला मागाहून कुणी कौतुकाने सांगितलं.

मी त्या गोदामात परत पाऊल टाकलं नव्हतं. आई जात होती. त्या तिसऱ्या पुकारेनंतर ती माझ्याशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोले. बाकाचं तिने परत नाव काढलं नाही. मी समजून होते, की मी तिचं स्वप्न मोडलं म्हणून ती रागावली आहे. माझ्याकडेही राग काही कमी नव्हता, त्यामुळे मी तिची समजूत काढायला गेले नाही.

नव्या ग्लासांचं पहिलं प्रभूभोजन झालं त्या दिवशी मी घरी तांदूळ निवडत बसले होते. जंतूंवर चार वाक्यं जुळवून ठेवली होती. आई आली की तिला ऐकवायची, हसवायचं, असा बेत होता. ती आली. पदराने तोंड पुसलं आणि दारातच टेकली. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"झालं का निर्जंतुक प्रभूभोजन?" मी म्हटलं.

"झालं," ती म्हणाली. "लई बरं झालं बघ. प्रत्येकाचा आपला आपला ग्लास. सगळ्यांनी घेतलं आज. एक माणूस सुटला न्हाई." मग थोडं थांबून म्हणाली, "त्या दिसापासनं माझ्या जिवाला घोर लागला होता, पोरी. माझ्या तोंडाला कप आधी लागला, म्हणून एवढ्या लोकांचं प्रभूभोजन चुकलं. रोज रात्री मी देवाकडं माफी मागत हुते. आता माझ्यामुळं कुनाचं चुकणार न्हाई."

मी जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना. मी सूप खाली ठेवलं, उठले आणि तिला पाणी दिलं.